वित्त विभागाला विचारलेला प्रश्न ‘उद्भवत नाही’ होऊ नये म्हणून

विधानसभेच्या प्रश्नोत्तरांच्या यादीत हमखास सापडणारे उत्तर म्हणजे ‘प्रश्न उद्भवत नाही’. ते वाचून सरकारवर चिडण्याआधी आपलाच प्रश्न पुन्हा वाचावा. बहुतेक वेळा मंत्र्यांना पळवाट प्रश्नातच करून दिलेली असते. आमदारांचे पीए, संशोधन सहायक आणि आमदाराकडे प्रश्न घेऊन जाणाऱ्या संघटना यांच्यासाठी ही कृती आहे. विषय कर आणि सरकारी मदत एवढाच.

प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. ‘मा. वित्त मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात, मग ‘(१) अमुक अमुक हे खरे आहे काय, (२) असल्यास, चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, काय आढळून आले, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ यातल्या ‘असल्यास’ने सगळे भाग पहिल्याच्या शेपटीला बांधले जातात. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ एवढे लिहिले की पुढचे तीन भाग आपोआप गळतात, आणि विभागातल्या कक्ष अधिकाऱ्याचे काम दहा मिनिटांत होते. म्हणून पहिल्या भागात सरकारला नाकारताच येणार नाही असे विधान ठेवायचे आणि आकड्यांचे भाग ‘असल्यास’शिवाय, स्वतःच्या पायावर उभे राहतील असे लिहायचे. बाकी सारा तपशील या दोन गोष्टींसाठी.

आधी खाते पक्के करा

कर म्हटला की वित्त विभाग, हा गैरसमज महागात पडतो. वस्तू व सेवा कर, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट आणि व्यवसाय कर वित्त विभागाकडे. त्यांची वसुली माझगावच्या वस्तू व सेवा कर विभागामार्फत होते. पण मुंबईत घर घेताना भरावे लागणारे मुद्रांक शुल्क (मेट्रोचा १ टक्का धरून ६ टक्के) महसूल विभागाचे आहे. वाहनांचा कर परिवहन पाहते, दारूवरचे शुल्क राज्य उत्पादन शुल्क पाहते, वीज शुल्क ऊर्जा विभागाकडे. मालमत्ता कर महापालिकेचा, त्यामुळे प्रश्न नगरविकास विभागाला. चुकीच्या खात्याला गेलेला प्रश्न हस्तांतरित होतो, आणि त्या फेरीत अधिवेशन संपून जाते.

मदतीच्या योजनांचा घोळ याहून मोठा. लाडकी बहीण योजना महिला व बाल विकासाची, संजय गांधी निराधार अनुदान सामाजिक न्यायाचे, नमो शेतकरी कृषी विभागाचे. ‘किती जणींचे अर्ज बाद झाले’ हे वित्त मंत्र्यांना विचारले तर ते दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवणारच. वित्त विभागाला पैशाचे विचारा: तरतूद किती, त्यातली वितरित किती, कधी, आणि कोणत्या कारणाने अडली.

वित्त विभाग ‘आमचा संबंध नाही’ म्हणेल असे वाटत असेल तर त्या योजनेचा शासन निर्णय शेवटपर्यंत वाचा. खाली एक वाक्य असते: हा निर्णय वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक, दिनांक तमुक अन्वये मिळालेल्या सहमतीने निर्गमित करण्यात येत आहे. तो क्रमांक आणि तारीख प्रश्नाच्या पहिल्या भागात घाला. खर्चाच्या निर्णयात लेखाशीर्षही (अर्थसंकल्पात त्या पैशाला दिलेला क्रमांक) दिलेले असते, तेही टिपून ठेवा. नुसत्या ‘निराधार योजने’ऐवजी लेखाशीर्षाने विचारले की कोणत्या पैशाबद्दल बोलतोय यावर वाद घालता येत नाही.

मसुदा: बिघडलेला आणि दुरुस्त केलेला

असा प्रश्न दर अधिवेशनात दिसतो:

‘मुंबईतील नोकरदार महिलांना व्यवसाय करातील सवलतीचा लाभ मिळत नसल्याने त्यांच्यात तीव्र नाराजी पसरली आहे, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?’

उत्तर न बघताही सांगता येते: (१) हे खरे नाही. (२) प्रश्न उद्भवत नाही. नाराजी मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही ते नाकारायला काही लागत नाही. तोच प्रश्न असा लिहा:

‘(१) सन २०२३-२४ च्या अर्थसंकल्पीय भाषणात महिलांसाठी व्यवसाय करमुक्त मासिक वेतनाची मर्यादा १०,००० रुपयांवरून २५,००० रुपये करण्याची घोषणा करण्यात आली होती, हे खरे आहे काय, (२) सन २०२२-२३ पासून आजपर्यंत मुंबई शहर व मुंबई उपनगर जिल्ह्यांतून व्यवसाय करापोटी प्रत्यक्ष जमा झालेली वर्षनिहाय रक्कम किती, (३) मर्यादा वाढल्यानंतरही पात्र महिलांच्या वेतनातून कर कापल्याच्या किती तक्रारी प्राप्त झाल्या, किती निकाली निघाल्या व किती रक्कम परत करण्यात आली, (४) अशी तक्रार नोंदवण्यासाठी कोणती कार्यपद्धती आहे, नसल्यास ती केव्हापर्यंत निश्चित करण्यात येईल?’

पहिला भाग मंत्र्यांच्याच भाषणातला. दुसरा आणि तिसरा त्यावर टेकलेला नाही. तिसऱ्याला ‘एकही तक्रार नाही’ असे उत्तर आले तरी ते कामाचे, कारण चौथा भाग लगेच विचारतो की तक्रार करायची कुठे. पगारावरच्या व्यवसाय कराचे विवरणपत्र मालक भरतो, कर्मचारी भरत नाही. त्यामुळे नावनिशीवार यादी मागितली तर ‘माहिती उपलब्ध नाही’ येईल. वेतनाच्या टप्प्यांनुसार मागा.

एखाद्या कंपनीने किती कर भरला हे थेट विचारू नका. वस्तू व सेवा कर कायद्याचे कलम १५८ करदात्याची माहिती उघड करायला मनाई करते, त्यामुळे त्या एका ओळीपायी सगळा प्रश्न अडकतो. क्षेत्रनिहाय किंवा उलाढालीच्या टप्प्यानुसार विचारा. न्यायप्रविष्ट बाब, मत मागणारे वाक्य, टोमणा, विशेषणे ही काढून टाका. ‘तीव्र’, ‘प्रचंड’, ‘सर्रास’ हे शब्द बातमीत शोभतात.

वस्तू व सेवा कराचा दर का वाढला, हेही राज्याच्या मंत्र्यांना विचारून उपयोग नाही. दर केंद्र आणि राज्यांच्या जीएसटी परिषदेत ठरतो. तिथे मताचे वजन केंद्राचे एक तृतीयांश, राज्यांचे दोन तृतीयांश आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. त्याऐवजी ‘अमुक बैठकीत राज्याने कोणती भूमिका मांडली’ असे विचारा. ते राज्याचेच काम आहे.

आकड्यांतल्या तीन फसव्या जागा

पहिली: दर महिन्याला वर्तमानपत्रात येणारे ‘महाराष्ट्राचे जीएसटी संकलन’ म्हणजे राज्याच्या तिजोरीतला पैसा नव्हे. त्यात केंद्राचा सीजीएसटी आणि आंतरराज्य व्यवहारांवरचा आयजीएसटीही धरलेला असतो. राज्याचे ते एसजीएसटी (जीएसटीतला राज्याचा भाग) आणि आयजीएसटीच्या समायोजनातून येणारा हिस्सा. ही बेरीज चुकवून सभागृहात उभे राहिलेल्या सदस्याला मंत्री एका वाक्यात खाली बसवतात, आणि ते बरोबरही असते. राज्याची जमा पाहायची तर अर्थसंकल्पाच्या पुस्तकात मुख्य लेखाशीर्ष ०००६ उघडा. पेट्रोल-डिझेलचा व्हॅट ००४० खाली सापडेल.

दुसरी: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष रक्कम हे तीन वेगळे आकडे आहेत. एका वर्षाचा अंदाज आणि दुसऱ्या वर्षाची प्रत्यक्ष रक्कम शेजारी ठेवून वाढ-घट काढू नका. वर्ष चालू असेल तर दोन्ही वर्षांचे एप्रिल ते डिसेंबर मागा.

तिसरी जागा मदतीच्या पैशाची, आणि इथेच सगळ्यात जास्त निसटते. ‘निधी उपलब्ध करून दिला आहे काय’ याला ‘होय’ हे खरे उत्तर असते, तरी लाभार्थ्याच्या खात्यात छदाम नसतो. कारण तरतूद होणे, ती बीम्स या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर वितरित होणे, कोषागारातून निघणे आणि बँकेत जमा होणे हे चार वेगळे टप्पे आहेत. वर्षाच्या सुरुवातीला वित्त विभाग टक्केवारीने निधी सोडतो. उरलेला मार्चअखेर घाईने सुटतो आणि कधी स्वीय प्रपंजी खात्यात (अधिकाऱ्याच्या नावे पैसे ठेवायचे खाते, पीएलए) जाऊन बसतो. कागदावर तो खर्च झालेला असतो. म्हणून उत्तर तक्त्यात मागा आणि रकाने तुम्हीच द्या: अर्थसंकल्पित तरतूद, पुरवणी मागणीतून मिळालेली, वितरित, प्रत्यक्ष खर्च, प्रत्यर्पित (न वापरता परत केलेली), स्वीय प्रपंजी खात्यातील शिल्लक. थेट खात्यात जाणाऱ्या योजनेसाठी महिनानिहाय मंजूर लाभार्थी, पैसे पाठवलेले, प्रत्यक्ष जमा झालेले आणि बँकेने परत केलेले व्यवहार असे चार रकाने संबंधित खात्याकडून घ्या. आधार जोडणी नसल्यामुळे परत गेलेले पैसे शेवटच्या रकान्यातच दिसतात.

मुंबईकरांसाठी एक खास विषय: १ जुलै २०१७ ला जकात गेली आणि तिच्या बदल्यात महापालिकेला राज्याकडून भरपाई मिळते. त्याच वर्षीच्या कायद्यात २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून दरसाल ८ टक्के वाढ ठरवली आहे. देय रक्कम, दिलेली रक्कम, दिल्याची तारीख एवढे तीन रकाने मागितले तरी पुरे.

कोणते आयुध

लांबलचक तक्ता हवा असेल तर अतारांकित प्रश्न, म्हणजे ज्याला फक्त लेखी उत्तर मिळते तो. त्याचे उत्तर वेळेवर येईलच असे नाही, पण येते ते लेखी आणि पुढे वापरण्याजोगे. मंत्र्यांना उभे करून उपप्रश्न विचारायचे असतील तर तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तराचा. मात्र तासाभरात यादीतले थोडेच प्रश्न प्रत्यक्ष चर्चेला येतात. एकाच विषयावर अनेकांनी सूचना दिल्या की नावे एकत्र होतात आणि मजकूर एकच राहतो, तेव्हा तुमचा महत्त्वाचा भाग त्यात टिकला का ते छापील यादीत तपासा. उत्तर अपुरे असेल तर विधानसभा नियम ९४ खाली अर्धा तास चर्चा, आणि विषय तातडीचा असेल तर नियम १०५ ची लक्षवेधी. मार्चमध्ये खात्यांच्या अनुदानाच्या मागण्यांवर कपात सूचना देता येते. शंभर रुपयांची कपात मागून तक्रार नोंदवायची ही जुनी पद्धत आहे.

मुदत अधिवेशनाआधी बरीच संपते. हिवाळी अधिवेशन नागपूरला असल्यामुळे मुंबईतून कागद आधीच काढून ठेवावे लागतात. जुने अर्थसंकल्प आणि कार्यवाही विधान भवनाच्या ग्रंथालयात मिळतात.

आयकर, केंद्राचे उपकर, वित्त आयोगाचा हिस्सा हे दिल्लीचे विषय. त्यासाठी मुंबईच्या सहा लोकसभा खासदारांपैकी कुणाला गाठा. तिथे किमान १५ पूर्ण दिवसांची सूचना लागते आणि प्रश्न १५० शब्दांत बसवावा लागतो. दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात, तेव्हा अतारांकिताची शक्यता कितीतरी जास्त. विचारण्याजोगे: पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना ४१ टक्के हिस्सा दिला, त्यात २०२१-२६ साठी महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के होता, पण उपकर आणि अधिभार या वाटपात येतच नाहीत. त्यांची वर्षनिहाय वसुली मागा.

सभागृहात आणि नंतर

उपप्रश्न एका वेळी एकच विचारायचा. तीन एकदम विचारले की मंत्री त्यातला सोपा निवडतात आणि वेळ संपतो. आमदारांच्या हातात पोस्टकार्डाएवढा कागद द्या: वर छापील उत्तरातला आकडा, खाली शासन निर्णयातला आकडा, त्याखाली ‘यातला खरा कोणता?’ भाषण नको. उत्तर टाळले गेले तर ‘अध्यक्ष महोदय, प्रश्न राखून ठेवावा’ ही मागणी तिथल्या तिथे करा. पुढचा विषय पुकारला गेला की ती संधी गेली.

मंत्री ‘तपासून घेतो’ म्हणाले तर ‘किती दिवसांत?’ हे लगेच विचारा, म्हणजे मुदत कार्यवाहीत येईल. त्याच संध्याकाळी कार्यवाहीची ‘असुधारित प्रत’ मिळवा, आश्वासनाच्या वाक्याखाली रेघ मारा आणि तारखेसह विभागाच्या सचिवांना पत्र पाठवा. मुदत उलटली की त्याच पत्राची प्रत जोडून सभागृहातली आश्वासने पाळली गेली का हे पाहणाऱ्या आश्वासन समितीकडे जा.