रोपे टाकण्याआधी हायड्रोजन पेरॉक्साइडची तयारी

मिरची, टोमॅटो, वांग्याची रोपे घरीच तयार करायची असतील, तर सगळे सामान पेरणीच्या आदल्या दिवशी एका जागी जमवावे. त्यात बुरशी मारण्यासाठी औषधाच्या दुकानातून आणलेली हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली असेल, तर आधी तिच्यावरची तीव्रता वाचावी. आपल्याकडे ६ टक्क्यांचे द्रावण सर्रास मिळते आणि त्यावर ‘२० व्हॉल्यूम’ असे लिहिलेले असते. परदेशी बागकामाच्या लेखांतली प्रमाणे मात्र सहसा ३ टक्के धरून दिलेली असतात, त्यामुळे ती जशीच्या तशी वापरली की मात्रा नकळत दुप्पट होते. उद्योगांसाठी विकले जाणारे ३५ टक्क्यांचे द्रावण घरात आणूच नये. ते त्वचा भाजते आणि डोळ्यांना कायमची इजा करू शकते.

मोजपात्र, रबरी हातमोजे, चहाची गाळणी आणि साधे स्वच्छ पाणी जवळ ठेवावे. जुने प्रोट्रे (रोपे वाढवण्याचे खाचांचे ट्रे) आधी घासून धुवावेत, कारण चिकटलेली माती आणि मुळांचे तुकडे पेरॉक्साइड स्वतःच संपवून टाकतात आणि बुरशीपर्यंत फारसे काही पोहोचतच नाही. धुतलेल्या ट्रेवर ३ टक्क्यांचे द्रावण शिंपडून दहा मिनिटे तसेच राहू द्यावे.

बियांसाठी ६ टक्क्यांचे ५० मिली द्रावण २५० मिली पाण्यात मिसळले की साधारण १ टक्क्याचे द्रावण होते. त्यात बी पंधरा मिनिटे ठेवावे आणि गाळणीत दोन-तीन पाण्यांनी धुवावे. कारल्याचे बी टाकले की त्याच्या खाचांतून बारीक बुडबुडे रांगेने वर येताना दिसतात. पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन होत असल्याची ती खूण आहे. अशा जाड सालीच्या बियांना त्यानंतर रात्रभर साध्या पाण्यात भिजत ठेवावे. पाकिटातले बी गुलाबी किंवा निळ्या रंगाचे असेल तर त्यावर बुरशीनाशक आधीच चोळलेले असते, म्हणून ते भिजवू नये.

ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगकारक बुरशीला रोखणारी मित्रबुरशी, वापरणार असाल तर क्रम आधीच ठरवून ठेवा. हे मी आवर्जून सांगतो, कारण एका हंगामात मी कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुश्यात) ट्रायकोडर्मा मिसळला आणि चारच दिवसांनी त्यावर पेरॉक्साइडचे पाणी ओतले. ज्या मित्रबुरशीसाठी पैसे मोजले, तिलाच मी मारत होतो. पेरॉक्साइडला मित्र आणि शत्रू यांतला फरक कळत नाही. म्हणून आधी पेरॉक्साइड वापरावे, दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत आणि मगच ट्रायकोडर्मा किंवा रायझोबियम (मुळांना उपयोगी जिवाणू) द्यावे.

रोपे उगवल्यावर देठ जमिनीलगत काळे पडून ती कोलमडू लागली, तर आधी पाणी कमी करावे आणि हवा खेळती ठेवावी, कारण मूळ दोष बहुधा तिथेच असतो. त्यानंतरही गरज वाटली तर ६ टक्क्यांचे ५० मिली द्रावण ९५० मिली पाण्यात मिसळून संध्याकाळी एकदाच मातीत द्यावे. पानांवर फवारायचे असेल तर आधी एका पानावर लावून दिवसभर वाट पाहावी.

व्हिनेगर किंवा ब्लीच यांच्यात पेरॉक्साइड कधीही मिसळू नये. पातळ केलेले द्रावण त्याच दिवशी वापरावे, आणि उरलेले मूळ द्रावण त्याच्याच गडद रंगाच्या बाटलीत, उन्हापासून दूर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवावी.