गैरहजेरीची वही: युनियनने कामगाराच्या घरापर्यंत कसं पोचायचं

जळगाव एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटईच्या कारखान्यात मी 19 वर्षं लूमवर आहे आणि 9 वर्षं आमच्या युनियनचा खजिनदार. एका मे महिन्यात पगारवाढीच्या करारासाठी आम्ही रात्री जागवत होतो. माझ्याच लाइनचे नाना चार दिवस कामावर आले नव्हते आणि आमच्या कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही.

पाचव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. नाना ओट्यावर बसलेले, हातातल्या चहावर साय धरलेली. "काय व्हयनं नाना?" बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "पोऱ्या जेवस नही रे भो." बारावीच्या निकालात पोरगा दोन विषयांत गेला होता आणि आतल्या खोलीत दार लोटून पडला होता. त्याला एकट्याला सोडून ड्युटीवर जायची नानांना भीती वाटत होती. एवढंच कारण होतं, आणि ते आम्हाला चार दिवस कळलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे गैरहजेरीची वही आहे. तुमच्या युनियनमध्ये सुरू करायची असेल तर दोनशे पानी वही पुरते. प्रत्येक पाळीत एकाला ही जबाबदारी द्या, पण तो भाषण करणारा नको. ज्याच्याजवळ लोक डबा उघडतात, असा माणूस बघा. बायांच्या विभागात बाईच हवी. न सांगता दोन दिवस कुणी आलं नाही की फोन करायचा, तिसऱ्या दिवशी घरी जायचं. वहीत नाव, तारीख आणि कोण जाऊन आलं एवढंच लिहा. कारण लिहू नका. दारू, कर्ज, घरातलं भांडण, पोराची अवस्था, हे कागदावर आलं की गेटवर पोचतं, आणि एकदा पोचलं की पुढच्या वेळी तुम्हाला कुणी दार उघडणार नाही.

घरी गेल्यावर आधी जेवणाखाणाचं विचारा. "असं कसं झालं", "धीर धरायला पाहिजे होता" असलं काही बोलू नका, बसून राहा. जगण्यात राम नाही असं कुणी बोललं, तर विषय बदलू नका. जिवाचं काही करून घ्यायचं मनात येतं का, हे सरळ आणि हळू आवाजात विचारा. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. आणि मग त्याला एकटं ठेवू नका. टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, तिचा 14416 हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. नुसता नंबर लिहून देऊन निघू नका, तिथंच बसून लावून द्या. नानांच्या पोराला आम्ही तसाच लावून दिला. दुसऱ्या दिवशी सिव्हिलमध्ये मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे केसपेपर काढायला मी सोबत गेलो, आणि पुरवणी परीक्षेचा फॉर्म आमच्यातल्या एका ताईने भरून घेतला. पोरगा पास झाला.

आता पैशाचं. आजारी माणूस निम्म्या वेळा पगार बुडेल म्हणून दवाखाना टाळतो. पगार 21,000 पर्यंत असेल आणि ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, कापली जात असेल, तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के भत्ता मिळतो. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात 78 दिवसांची वर्गणी भरलेली लागते. म्हणून ठेकेदाराकडच्या पोरांचे दिवस दर महिन्याला तपासा. पैसे कापून घेतले पण भरले नाहीत, हे आजारी पडल्यावर कळून उपयोग नसतो. सर्टिफिकेटही ईएसआयच्या डॉक्टरचंच लागतं. गल्लीतल्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आमचा एक भाऊ दोन महिने खेटे घालत होता.

जून आणि डिसेंबरच्या पगारातून कामगार कल्याण निधी कापला जातो. त्याच निधीच्या कामगार कल्याण मंडळाकडून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते, आणि आमच्या अर्ध्या लोकांना ही कपात कशाची हेच माहीत नव्हतं. ज्यांच्या घरात कुणी गवंडीकाम, सेंट्रिंग करतं त्यांनी बांधकाम कामगार मंडळात नोंद करावी. वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि मुलांच्या शिक्षणाला पहिलीपासून पदवीपर्यंत मदत आहे. दलालाला पैसे देऊ नका, फॉर्म युनियनमध्ये बसून भरा.

हे युनियनचं काम नाही, असं आमच्याकडचे जुने लोक म्हणायचे. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याच्या कलम 15 मध्ये सभासदाच्या आजारपणावर आणि त्याच्या घरच्यांच्या शिक्षणावर युनियनचा निधी खर्च करता येतो, असं लिहून ठेवलेलं होतं. मी ते पान झेरॉक्स करून भिंतीला लावलं. आणि आपल्याच अमळनेरला साने गुरुजी शिक्षक असताना वसतिगृहातल्या पोरांची खोली झाडत होते, कपडे धूत होते. तेच गुरुजी पुढे खानदेशातल्या गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिले. त्यांनी ही दोन कामं कधी वेगळी धरली नाहीत.

आमच्याकडून सगळ्यात चांगलं झालेलं काम म्हणजे अभ्यासिका. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपतो. घर एका खोलीचं, वर पत्रा, मे महिन्यात 44 अंश. बाप झोपला की आई पोरांना बाहेर काढते, आणि पोरगं दहावीचं पुस्तक घेऊन कुणाच्या तरी ओट्यावर उन्हात बसतं. बापाची झोप मोडली तर लूमवर हात जायची भीती, म्हणून आईचंही चुकत नाही. आमचं ऑफिस मात्र दिवसभर कुलूपबंद! आम्ही सभेच्या खुर्च्या एका बाजूला लावल्या, दोन सतरंज्या, दोन पंखे, पाण्याचा एक माठ ठेवला. पहिल्या आठवड्यात तीन पोरं आली, दिवाळीपर्यंत बावीस. मुली संध्याकाळी येईनात, तेव्हा दोन आयांनी आळीपाळीने दाराशी बसायचं ठरवलं, आणि त्या भाजी निवडत बसू लागल्या. मग मुलीही आल्या. खर्च फक्त लाइटबिलाचा.

उन्हाळ्याचं मात्र मार्चमध्येच बोलून घ्या. थंड पाणी, प्लॅस्टिकचा दाणा वितळवणाऱ्या मशीनजवळच्या माणसाला जास्तीची सुट्टी आणि पाळी बदलताना मध्ये पुरेशी झोप, हे लेखी मागा. मेमध्ये कुणी भोवळ येऊन पडल्यावर मागितलं तर फक्त सांत्वन मिळतं.

वहीच्या मागच्या पानावर कुणाच्या घरी दहावी-बारावी आहे ते लिहून ठेवा. निकाल दुपारी एकला लागतो. त्या दिवशी आमच्यातले दोघं आधीच रजा टाकतात. एक अभ्यासिकेत बसतो, दुसरा मोटरसायकलची टाकी भरून तयार राहतो.