सह्याद्रीत मुक्कामासाठी पहिला टेंट घेताना

दुकानात जाण्याआधी टेंट कोणत्या महिन्यांत लागणार ते ठरवा. सह्याद्रीत टेंटमध्ये राहण्याचा खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. तेव्हा पावसापेक्षा वारा, दव आणि कातळ यांचाच त्रास जास्त. भर पावसाळ्यात गडमाथ्यावर टेंट लावायचा विचार पहिल्या वर्षी करूच नका, पायथ्याच्या गावात विचारून एखाद्या घरी मुक्काम करा.

‘दोन माणसांचा’ म्हणून विकला जाणारा टेंट म्हणजे जेमतेम दोन मॅटची जागा. मॅट ५० ते ६० सें.मी. रुंद असते, म्हणून तळ किमान १३० सें.मी. रुंद हवा. लांबीला २१० सें.मी. तरी धरा. भिंती उतरत्या असल्यामुळे उंच माणसाचं डोकं आणि पाय दोन्हीकडे कापडाला टेकतात आणि स्लीपिंग बॅग ओली होते. सॅक आणि बूट ठेवायला दारापुढे आऊटरखाली, म्हणजे टेंटच्या बाहेरच्या कापडाखाली, ओसरीसारखी जागा आहे ना, तेही बघा. वजन पोल, पेग (जमिनीत ठोकायच्या खुंट्या), दोऱ्या आणि पिशवीसकट काट्यावर करून घ्या. दोघांच्या टेंटला अडीच किलो ठीक, तीनच्या वर नको. फेकताच उघडणारा टेंट घेऊ नका. घडी केल्यावरही त्याची भलीमोठी चकती होते आणि ती झाडीतल्या वाटेवर अडकत राहते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टेंट स्वतःच्या पोलवर उभा राहणारा हवा. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या बाजूला जमीन म्हणजे बेसाल्टचा कातळ, तिथे पेग शिरतच नाही. पेगांच्या ताणावर उभे राहणारे हलके टेंट अशा जागी निरुपयोगी ठरतात. पोलवरचा टेंटही रिकामा असला की वाऱ्याने उडतो, म्हणून आधी सॅक आत टाका. सोबत ३ मि.मी. जाडीची १०-१२ मीटर दोरी जास्तीची ठेवा. ती लहान दगडाला बांधायची आणि त्या दगडाला मोठ्या धोंड्याने अडवायचं. दोरीवर थेट धोंडा ठेवला तर वाऱ्याने घासून ती तुटते. दगड मोकळे पडलेलेच घ्यायचे, तटबंदीचा किंवा जोत्याचा एकही हलवायचा नाही.

पोल शक्यतो अॅल्युमिनियमचे घ्या. फायबरग्लास स्वस्त, पण उभा चिरतो आणि त्याची चिरफळी कापडात घुसते. पोल टेंटच्या कापडाला शिवलेल्या बाहीतून ढकलत न्यायचा. ओढला की सांधे सुटतात आणि आतल्या इलास्टिकवर ताण येतो. मोडलेल्या भागावर सरकवायची नळी आणि थोडी चिकटपट्टी पिशवीत असू द्या.

एकाच थराचा टेंट टाळा. दोघांच्या श्वासातली वाफ थंड कापडावर जमते आणि पहाटे ठिबकू लागते. मग टेंट गळतो अशी उगीच तक्रार होते. आत जाळीचा इनर, बाहेर आऊटर आणि दोहोंत चार बोटं अंतर असेल तर ते पाणी अंगावर येत नाही. थंडी वाजते म्हणून हवेच्या खिडक्या बंद करू नका. आत स्टोव्ह तर कधीच पेटवू नका, आगीइतकाच कार्बन मोनॉक्साइडचाही धोका असतो.

जलरोधकतेचा आकडा (कापड किती मि.मी. उंचीच्या पाण्याचा दाब सोसतं तो) आऊटरला १५०० ते २००० मि.मी., तळाला ३००० मि.मी. असला की या हंगामाला पुरतो. आकड्याइतक्याच शिवणीही महत्त्वाच्या, त्यांवर आतून पट्टी चिकटवलेली हवी. खाली अंथरायची शीट तळापेक्षा सगळीकडून दोन बोटं लहान कापा. बाहेर डोकावली तर आऊटरवरून ओघळलेलं पाणी तिच्यावर साचून टेंटखाली जातं.

निघण्याआधी गच्चीवर दोनदा लावून बघा, दुसऱ्यांदा अंधारात, हेडलॅम्पवर. पेग मोजा, पाइपने पाणी मारून शिवणी तपासा. त्या ठिकाणी मुक्कामाला परवानगी आहे का, हे वनखात्याच्या चौकीत आधीच विचारा. परत आल्यावर झिपमधली माती जुन्या टूथब्रशने काढा, टेंट सावलीत पूर्ण वाळवा आणि सैल सुती पिशवीत ठेवा. दमट घडीत कापडाचा आतला जलरोधक लेप चिकट होऊन सुटू लागतो, आणि वॉशिंग मशीनमध्येही तो टिकत नाही.