सबडोमेनसाठी स्वतःचा नेम सर्व्हर: डेलिगेशन नीट कसं करायचं

कंपनीचं किंवा कॉलेजचं मुख्य डोमेन एका टीमच्या ताब्यात असतं आणि आपल्याला सारखी नवीन नावं लागतात, कधी टेस्ट सर्व्हर, कधी लॅबमधलं एखादं मशीन, कधी लेट्स एन्क्रिप्टच्या वाइल्डकार्ड सर्टिफिकेटसाठी टीएक्सटी रेकॉर्ड (डोमेनच्या नावाखाली ठेवलेला मजकूर), आणि दरवेळी तिकीट टाकून वाट बघत बसायचं. त्यापेक्षा एक अख्खं सबडोमेनच आपल्याकडे सोपवून घ्या. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस (नावावरून आयपी पत्ता शोधून देणारी यंत्रणा) मांडलं तेच मुळात यासाठी, की तोवर सगळ्या नेटवर्कची नावं एकाच फाईलमध्ये असायची आणि ती एका जागी सांभाळणं हाताबाहेर चाललं होतं. म्हणजे डेलिगेशन, असं सबडोमेन दुसऱ्याकडे सोपवणं, हा काही जुगाड नाहीये, डीएनएसचा पायाच तो आहे.

काम सोपं आहे पण क्रम पाळा: आधी आपला सर्व्हर उभा करायचा, मग त्यालाच थेट विचारून खात्री करायची, आणि अगदी शेवटी वरच्या झोनमध्ये (मुख्य डोमेनच्या रेकॉर्डच्या यादीत) एनएस रेकॉर्ड, म्हणजे या नावांची उत्तरं कोणता सर्व्हर देतो ते सांगणारी नोंद, टाकायला सांगायचं. बहुतेक लोक उलट करतात, आधी एनएस टाकून घेतात आणि मग सर्व्हर लावत बसतात, तेवढ्या वेळात जगातले रिझॉल्व्हर (युजरसाठी नावं शोधून देणारे सर्व्हर) बंद दारावर थापा मारतात.

उदाहरणासाठी एक्झाम्पल.कॉम घेऊ, १९९९ पासून हे नाव उदाहरणांसाठीच राखून ठेवलंय. आपल्याला हवंय लॅब.एक्झाम्पल.कॉम, आणि दोन सर्व्हर आहेत, एनएस१ चा आयपी २०३.०.११३.१० आणि एनएस२ चा १९८.५१.१००.२०. इथे सगळं देवनागरीत लिहिलंय, फाईलमध्ये टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे टाका. तुमचं डोमेन .भारत वालं असेल तरी झोन फाईलमध्ये त्याचं एक्सएन आणि दोन डॅशने सुरू होणारं प्युनीकोड रूपच लिहावं लागतं.

सुरू करण्याआधी एक चौकशी नक्की करा: वरच्या झोनमध्ये लॅबच्या नावाने किंवा लॅबच्या खाली आधीच काही रेकॉर्ड आहेत का? डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.लॅब, मेल कुठे पोचवायची ते सांगणारा एमएक्स, मेल कोण पाठवू शकतं ते सांगणारा एसपीएफचा टीएक्सटी, काहीही. डेलिगेशन झालं की वरच्या झोनमधले हे रेकॉर्ड तिथेच पडून राहतात पण बाहेर कोणालाच दिसत नाहीत, कारण आता त्या नावांचा मालक तुमचा सर्व्हर असतो. त्यामुळे पूर्ण यादी मागून घ्या आणि सगळे आधी आपल्या झोनमध्ये उतरवा. आणि लॅब हे नाव सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारा रेकॉर्ड) असेल तर तो काढावाच लागेल, सीनेम आणि एनएस एकाच नावावर एकत्र राहू शकत नाहीत.

आता सर्व्हर. डेबियन किंवा उबुंटूवर बाइंड९ नावाचं डीएनएस सर्व्हरचं पॅकेज टाका. इटीसी बाइंड फोल्डरमध्ये नेमड.कॉन्फ.ऑप्शन्स ही फाईल उघडून रिकर्शन नो करा आणि अलाउ-ट्रान्सफर (पूर्ण झोनची प्रत कोणाला द्यायची) नन करा. हा सर्व्हर फक्त आपल्या झोनची उत्तरं देणार, कोणासाठी बाहेर जाऊन नावं शोधणार नाही. कोणालाही रिकर्शन देणारा सर्व्हर उघडा ठेवलात तर तो दुसऱ्यांवर ट्रॅफिकचा मारा करायला वापरला जातो, हा धोका अगदी खरा आहे. मग नेमड.कॉन्फ.लोकल मध्ये लॅब.एक्झाम्पल.कॉम नावाचा झोन, टाइप प्रायमरी (मूळ प्रत इथेच), आणि झोन फाईलचा पूर्ण पाथ.

झोन फाईलचा गाभा साधारण असा:

@ आयएन एसओए एनएस१.लॅब.एक्झाम्पल.कॉम. ॲडमिन.एक्झाम्पल.कॉम. ( २०२५०६०१०१ ३६०० ९०० १२०९६०० ३०० )
@ आयएन एनएस एनएस१.लॅब.एक्झाम्पल.कॉम.
@ आयएन एनएस एनएस२.लॅब.एक्झाम्पल.कॉम.
एनएस१ आयएन ए २०३.०.११३.१०
एनएस२ आयएन ए १९८.५१.१००.२०

सगळ्यात वर डॉलर टीटीएल ३६०० अशी एक ओळ हवी, टीटीएल म्हणजे उत्तर किती सेकंद साठवून ठेवायचं ते. @ म्हणजे झोनचं स्वतःचं नाव, एसओए म्हणजे झोनची मूळ माहिती, ए म्हणजे नावाचा आयपी पत्ता. पूर्ण नावाच्या शेवटचा टिंब विसरू नका, तो नसला तर बाइंड मागे परत झोनचं नाव चिकटवतो आणि एनएस१.लॅब.एक्झाम्पल.कॉम.लॅब.एक्झाम्पल.कॉम असं काहीतरी तयार होतं. एसओएमधलं दुसरं नाव म्हणजे ईमेल पत्ता, ॲटच्या जागी टिंब. कंसातला पहिला आकडा सीरियल, तारीख आणि पुढे दोन अंक अशी पद्धत सोयीची, फाईलला हात लावला की तो वाढवायचा, नाहीतर दुसरा सर्व्हर समजतो काहीच बदललं नाही आणि जुनीच उत्तरं देत राहतो. शेवटचा ३०० म्हणजे "असं नाव नाहीच" हे उत्तर रिझॉल्व्हरने किती सेकंद लक्षात ठेवायचं ते, सुरुवातीला लहानच ठेवा. एनएसच्या पुढे जे नाव येतं त्याला थेट ए रेकॉर्ड हवा, तिथे सीनेम चालत नाही.

फाईल झाली की नेमड-चेककॉन्फ आणि नेमड-चेकझोन चालवा, दोन्ही स्वच्छ आले तरच आरएनडीसी रीलोड, म्हणजे बाइंड नवीन फाईल वाचतो.

दुसरा सर्व्हर खरंच दुसरीकडे ठेवा. एकाच रॅकमध्ये, एकाच स्विचवर दोन मशीन ठेवून काही उपयोग नाही, लाइट गेली की दोन्ही गेले. निदान वेगळं नेटवर्क, जमलं तर वेगळं शहर. तिथे त्याच झोनसाठी टाइप सेकंडरी (पहिल्याची प्रत ठेवणारा) लिहा, प्रायमरीजमध्ये पहिल्याचा आयपी, आणि फाईल व्हार कॅश बाइंडमध्ये, कारण इटीसी बाइंडमध्ये नेमडला (बाइंडच्या चालू प्रोग्रामला) लिहायची परवानगी नसते आणि मग ट्रान्सफर होऊनही फाईल सेव्ह होत नाही. पहिल्यावर या झोनपुरतं अलाउ-ट्रान्सफरमध्ये दुसऱ्याचा आयपी टाका, टीएसआयजी की (दोन्ही सर्व्हरना माहीत असलेली गुप्त चावी) लावलीत तर अजून चांगलं, टीएसआयजी-कीजेन कमांड ती बनवून देते.

फायरवॉलमध्ये पोर्ट ५३ यूडीपी आणि टीसीपी दोन्ही उघडा. टीसीपी फक्त झोन ट्रान्सफरला लागतं हा समज चुकीचा आहे, उत्तर मोठं झालं की रिझॉल्व्हर टीसीपीवरच येतो. क्लाउडवर असाल तर मशीनचा फायरवॉल वेगळा आणि क्लाउडचा वेगळा, दोन्ही बघा.

मग बाहेरच्या नेटवर्कवरून, मोबाइल हॉटस्पॉट लावला तरी चालेल, डिग ॲट २०३.०.११३.१० लॅब.एक्झाम्पल.कॉम एसओए प्लस नोरेक असं विचारा (डिग ही डीएनएसला प्रश्न विचारायची कमांड, नोरेक म्हणजे पुढे शोधायला जाऊ नको), आणि तसंच दुसऱ्या आयपीला. फ्लॅग्जच्या ओळीत एए दिसलाच पाहिजे, म्हणजे सर्व्हर अधिकाराने बोलतोय, आणि दोन्हीकडे सीरियल सारखा हवा. एकाकडूनही एए आला नाही तर पुढे जाऊ नका. असं डेलिगेशन लेम म्हणून ओळखलं जातं आणि ते फार त्रास देतं, कारण कधी चालतं कधी नाही आणि युजर नेट स्लो आहे म्हणून तक्रार करत बसतात.

सगळं ठीक असेल तरच मुख्य डोमेनवाल्यांना चार ओळी द्या: लॅबसाठी दोन एनएस, आणि एनएस१.लॅब व एनएस२.लॅब यांचे दोन ए रेकॉर्ड. हे ए म्हणजे ग्लू. सर्व्हरचं नाव त्याच सबडोमेनच्या आत आहे, मग त्याचा पत्ता शोधायला त्यालाच विचारावं लागेल, म्हणून पत्ता वरूनच द्यावा लागतो. नेम सर्व्हरची नावं दुसऱ्याच डोमेनमधली असतील तर ग्लू लागत नाही. वरचं डीएनएस एखाद्या पॅनलवर असेल तर रेकॉर्डच्या यादीत एनएस टाइपचा रेकॉर्ड ॲड करायचा. रजिस्ट्रारच्या पानावर नेमसर्व्हर बदला असं जे बटण असतं त्याला अजिबात हात लावायचा नाही, ते अख्खं डोमेन हलवतं.

त्यांनी टाकलं म्हणाले की वरच्या सर्व्हरला थेट विचारा, परत प्लस नोरेक लावून. तिथे आन्सर रिकामा, ऑथॉरिटीमध्ये तुमचे एनएस, ॲडिशनलमध्ये ग्लू, आणि एए नसणार, हेच बरोबर आहे. मग डिग प्लस ट्रेस करून रूटपासून खालपर्यंत साखळी बघा.

"प्रोपगेशनला ४८ तास लागतात" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं, पण रेकॉर्ड कुठे पसरत वगैरे नाही, फक्त जुन्या उत्तरांचा कॅश संपायची वाट असते. तुम्ही एनएस पडायच्या आधीच ऑफिसच्या रिझॉल्व्हरला पाच वेळा नाव विचारलंत तर त्याने "नाही" हे उत्तर साठवलं, आणि ते वरच्या झोनच्या एसओएमधला शेवटचा आकडा सांगेल तितका वेळ राहू शकतं. म्हणून तपासणी कायम थेट सर्व्हरलाच विचारून करा.

डीएनएसएसईसी (उत्तरांवर डिजिटल सही) नंतर करा. वरचा झोन साइन केलेला असला आणि तुमचा नसला तरी चालतं, फक्त वर डीएस रेकॉर्ड (तुमच्या सहीच्या चावीची वर ठेवलेली ओळख) नसला पाहिजे. साइन करायचं ठरलं की बाइंडच्या नवीन आवृत्त्यांत झोनमध्ये डीएनएसएसईसी-पॉलिसी डिफॉल्ट लिहिलं की चाव्या तो स्वतः सांभाळतो, फक्त झोन फाईल त्याला लिहिता येईल अशा जागी, म्हणजे व्हार लिब बाइंडमध्ये हलवा. दोन्ही सर्व्हरवर सह्या दिसू लागल्या आणि जुन्या उत्तरांचा टीटीएल उलटला की मगच वर डीएस द्या. काढताना उलट: आधी डीएस काढून घ्या, त्याचा टीटीएल संपू द्या, आणि मग साइनिंग बंद करा, नाहीतर व्हॅलिडेशन करणाऱ्या प्रत्येक रिझॉल्व्हरवर तुमचं अख्खं सबडोमेन सर्व्हफेल, म्हणजे उत्तर मिळालं नाही अशी चूक, देईल.