कड्यांचे चिलखत: तळहाताएवढा तुकडा घरी कसा विणावा

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाने केलेला कट्यारीचा वार महाराजांच्या अंगरख्याखालच्या चिलखतावरून घसरला, हे आपण चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकापासून वाचत आलो आहोत. कपड्याखाली सहज झाकले जाणारे आणि हात मोकळा हलवू देणारे चिलखत लोखंडी कड्या एकमेकींत ओवून करत. युरोपात केल्टिक लोकांकडे ते इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात होते. रोमन सैन्यानेही ते वापरले आणि आपल्याकडे एकोणिसाव्या शतकापर्यंत शीख सैनिकांच्या अंगावर ते दिसत होते. सर्वांत जास्त चाललेली वीण एकच: प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांतून जाते. ती हातात बसायला एक रविवार पुरतो.

सामान हार्डवेअरच्या दुकानात मिळते. १६ गेजची जीआय तार पाव किलो, ८ मिमीची गुळगुळीत गोल सळई, चपट्या तोंडाच्या दोन पकडी आणि तार कापायची कटिंग प्लायर. बांधकामावरची सळई आणू नका, तिच्यावरच्या धारांमुळे गुंडाळी निघतच नाही. डोळ्यांना चष्मा हवाच. कापताना तुकडे उडतात. तार मऊ करायला गॅसवर तापवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. जीआय तारेवर जस्ताचा मुलामा असतो आणि त्याचा धूर छातीला वाईट.

पायरी १. तार सळईवर घट्ट, वेढ्याला वेढा लागून गुंडाळा. टोक एकदम सोडू नका, तार उसळी मारते. गुंडाळी सळईवरून काढली की थोडी सैल होते, ते चालते.

पायरी २. गुंडाळीचा एकेक वेढा कापा. प्लायरने कापलेले टोक चिमटल्यासारखे राहते, सोनाराच्या बारीक करवतीने कापले तर सपाट येते. सपाट टोके एकमेकांना नीट भिडतात, म्हणून धीर असेल तर करवतच घ्या. तळहाताएवढ्या तुकड्याला दीडशे-दोनशे कड्या लागतात. एक मीटर तारेत तीसेक निघतात.

पायरी ३. सगळी मेख इथे आहे: कडीचे तोंड बंद करणे. दोन्ही टोकांना दोन पकडी लावा आणि एक टोक पुढे, एक मागे असे पिळा. टोके बाजूला ओढून फाकवलीत तर गोलाई बिघडते आणि ती कडी पुन्हा कधी नीट बसत नाही. बंद करताना टोके एकमेकांवरून किंचित पुढे न्या आणि परत आणा, म्हणजे फट उरत नाही. तोंडावरून नख फिरवा. अडकले तर कडी पुन्हा दाबा. निम्म्याहून जास्त कड्या अशा आधीच बंद करून ठेवा.

पायरी ४. एका उघड्या कडीत चार बंद कड्या ओवून तिचे तोंड मिटवा. सपाट मांडा: दोन वर, एक मध्ये, दोन खाली. आता नव्या उघड्या कडीत दोन बंद कड्या घाला, तीच कडी खालच्या दोन्ही कड्यांतून न्या आणि मिटवा. पुन्हा तेच. दोन-एक-दोन-एक अशी पट्टी लांबत जाते.

पायरी ५. अशाच आणखी पट्ट्या करा आणि शेजारी ठेवा. सगळ्या पट्ट्यांच्या मधल्या कड्या एकाच बाजूला कललेल्या दिसल्या पाहिजेत. नसतील तर ती पट्टी उलटी करा. मग एक उघडी कडी डाव्या पट्टीच्या काठच्या दोन आणि उजवीच्या काठच्या दोन कड्यांतून ओवून मिटवत चला. जोड कुठे आहे ते नंतर शोधूनही सापडत नाही.

हा तुकडा ओढून पाहा: एका दिशेने ताणतो, दुसऱ्या दिशेने फारसा नाही. अंगात घालायचे असेल तर ताणणारी दिशा छातीभोवती येऊ देतात, म्हणजे श्वास घेताना वीण फाकते.

मात्र याच्या जोरावर कुणाच्या तलवारीसमोर उभे राहू नका. नुसती टोके भिडवलेली कडी टोकदार घावाने उघडते. म्हणून जुने कारागीर टोके चपटी करून एकावर एक ठेवत, भोक पाडत आणि त्यात रिव्हेट ठोकत. सलग, बिनजोड कड्यांची एक ओळ आणि रिव्हेटच्या कड्यांची एक, अशीही विणकाम करण्याची पद्धत होती. भारतात तर काही बिनजोड कड्यांना मध्ये आडवी पट्टी ठेवलेली दिसते. उलट, लोखंडी कड्यांत पितळेच्या आणि तांब्याच्या कड्या मिसळून चौकटींची नक्षी काढलेली नंतरची अनेक हिंदुस्थानी चिलखते नुसत्या भिडवलेल्या कड्यांची आहेत; माझ्या मते ती लढाईपेक्षा दरबारासाठी जास्त. शिवाय कड्या धार अडवतात, मार अडवत नाहीत. त्यासाठी आत कापूस भरलेला जाड अंगरखा लागे, आणि छाती-पाठीवर पोलादी पत्रे, ज्याला चार आईना म्हणत.

अख्खा अंगरखा करायचा मोह झाला तर हिशेब आधीच बघा. या मापाच्या हजार कड्यांचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास भरते आणि अंगरख्याला वीस हजारांच्या घरात कड्या लागू शकतात. कपड्याला करडा डाग लागू नये म्हणून तुकडा साबणाच्या पाण्यात धुऊन फडक्याने कोरडा करा. साध्या लोखंडी तारेचा केला असेल तर गंज येणारच. युरोपात असे चिलखत वाळूसकट पिंपात घालून गडगडवत, घरी मात्र डब्यात मूठभर कोरडी वाळू घालून हलवा आणि वरून तेलाचे बोट फिरवा.