केआर२ मधला सोडियम: सिम्युलेशन रनला लावण्यापूर्वी

केआर२ हे प्रथिन सोडियम कसं निवडतं, हे संगणकावरच्या सिम्युलेशनने तपासायचंय. सुरुवात रचनेपासून, आणि इथे घाई नको. केआर२ हे समुद्री जीवाणूतलं ऱ्होडॉप्सिन, म्हणजे प्रकाश शोषणारं प्रथिन. प्रकाश पडला की ते सोडियम पेशीबाहेर ढकलतं. शोध २०१३ चा, स्फटिकरचना २०१५ च्या. हाताशी लगेच येते ती अंधारातली रचना, पण तिच्यात वाहून न्यायचा सोडियम रेटिनलपाशी, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या रेणूपाशी, नसतोच! सोडियम आणि पोटॅशियममध्ये निवड कशी होते हे विचारायचं तर ओ अवस्था, म्हणजे प्रकाश पडल्यावरच्या चक्रातला एक टप्पा, घ्या. २०२० मध्ये आलेल्या तिच्या रचनांत सोडियम ॲस्परजिन ११२ ला (साखळीतल्या ११२ व्या अमिनो आम्लाला) लागून दिसतो. फाइल साफ करताना आतले पाण्याचे रेणू उडवू नका.

मग प्रोटॉन. रेटिनल लायसिन २५५ ला जोडलेलं असतं. त्याच चक्रातल्या एम अवस्थेत तिथल्या शिफ बेसचा (रेटिनल-लायसिन जोडाचा) प्रोटॉन ॲस्पार्टेट ११६ वर जातो, ओ मध्ये परत येतो. प्रोटॉन कुठे असेल याचा अंदाज देणाऱ्या प्रोपका प्रोग्रामचा आकडा बघा जरूर, पण निर्णय वर्णपटाच्या प्रयोगांवरून घ्या. एक प्रोटॉन चुकीच्या जागी बसला की पुढचे सगळे आकडे रद्दीत.

पीओपीसी या लिपिडचा पडदा, पाणी, मीठ हे चार्म-गुई हे वेबसाधन करून देतं. त्यात वेळ घालवू नका.

वेळ घालवायचा तो आयनाच्या पॅरामीटरवर, म्हणजे सिम्युलेशनमध्ये आयन कसा वागेल ते ठरवणाऱ्या आकड्यांवर. सोडियम आणि पोटॅशियमच्या जलसंयोगाच्या (आयन पाण्यात शिरण्याच्या) मुक्त ऊर्जेत सुमारे १७-१८ किलोकॅलरी प्रति मोल फरक आहे. प्रथिनातही गणनेत एका आयनाचा दुसरा करायचा आणि दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करायची. त्यात १.४ किलोकॅलरीचा फरक आला तरी निवड दहापट बदलते. म्हणून आधी नुसत्या पाण्यात हा बदल करून आकडा जुळतो का ते पाहा. सोडियम-कार्बोक्सिलेटची एनबीफिक्स दुरुस्ती (त्या दोघांतलं आकर्षण वाजवी ठेवणारी) टोपॉलॉजीत, म्हणजे अणूंच्या वर्णनाच्या फाइलीत, आलीय का, हे फाइल उघडून तपासा. दोन्ही आयनांचा भार +१ च, तेवढी एक डोकेदुखी वाचते. गणना मात्र उलट दिशेनेही करा.

शेवटी म्युटंट, म्हणजे अमिनो आम्लं बदललेली रूपं. ॲस्परजिन ६१ आणि ग्लायसिन २६३ बदलले की हाच पंप पोटॅशियमही नेतो. या जागा रेटिनलपाशी नाहीत, पेशीच्या आतल्या बाजूच्या तोंडाशी आहेत. तेव्हा आयन बसतो त्या एका खिशातली ऊर्जा मोजून भागणार नाही, वाटेवरची अंब्रेला सॅम्पलिंगही (आयनाला टप्प्याटप्प्यावर धरून ऊर्जा मोजणं) लागेल. क्लस्टरवर तास मागताना त्याचेही आत्ताच मागून घ्या. नंतर गेलात तर रांग आहेच.