ट्रॅकवरचा ऑर्केस्ट्रा: बॅकअप असा लावा

गणेशोत्सवात ट्रॅकवर, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेल्या साथीवर, ऑर्केस्ट्रा असला की मी दोन लॅपटॉप लावतो. दोन्हींत तीच गाणी, त्याच क्रमाने. फाइल एमपीथ्री नको, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची वेव्ह घ्या. प्रत्येक लॅपटॉपला ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज बाहेर काढणारा यूएसबी डबा) वेगळा, डीआय बॉक्स (तो सिग्नल मिक्सरला जुळवून देणारे) वेगळे, मिक्सरवरचे चॅनेलही वेगळे. एकच इंटरफेस दोघांत वापरलात तर तो बसला की बॅकअपही बसला.

खरी मेख दोन्ही एकदम सुरू करण्यात आहे. एकाच मिडी फूटस्विचचा (पायाने दाबायच्या बटणाचा) सिग्नल थ्रू बॉक्समधून (एक सिग्नल अनेकांना वाटणाऱ्या डब्यातून) दोन्हींकडे न्या आणि दुसऱ्याचे चॅनेल म्यूट ठेवा. ढोलकीवाल्याच्या कानात जाणारा क्लिक (लयीची टिकटिक) ट्रॅकच्याच म्यूट ग्रुपमध्ये (एका बटणाने एकत्र बंद-चालू होणाऱ्या चॅनेलांत) हवा, नाहीतर ट्रॅक दुसऱ्या लॅपटॉपचा आणि क्लिक पहिल्याचा, असा घोळ होतो.

वायफाय, अपडेट, स्लीप बंद करा. मंडपात वीज जनरेटरवर जाताना क्षणभर खंडते. लॅपटॉप बॅटरीवर तगतो, पण डिजिटल मिक्सर पुन्हा उठायला वेळ लावतो. यूपीएसवर आधी तो घ्या, मग इंटरफेस.

आणि तालमीत, गाणं ऐन रंगात असताना, पहिल्या लॅपटॉपची यूएसबी वायर मुद्दाम उपटा. मिक्सरवाल्याचा हात कुठे जातो ते तेव्हाच कळतं.